मुंगी चावल्यासारखं

१ सप्टेंबर, रविवार
आईकडे जेवायला. कपाटावर माझा सत्काराचा फोटो असायचा, उत्कृष्ट परिचारिका म्हणून. तिथे आता धाकटीचा. डोंगरावर, एकटी, केस विस्कटलेले. माझा कुठे गेला विचारलं. आई म्हणाली, आहे गं आत, इस्त्रीच्या मागे.

हेवा वगैरे अजिबात नाही. सख्खी बहीण आहे. फक्त एक वैद्यकीय शंका. धाकटी त्या फोटोतल्या देशात तीन आठवडे एकटी फिरली, नळाचं पाणी प्यायली, गाडीवरचं खाल्लं, मच्छरदाणीशिवाय झोपली. साधी शिंकली नाही. हे बरोबर नाही.

ठरवलं. मीही जाणार. त्याच देशात, एकटी, चार आठवडे. पण सगळी काळजी घेऊन. परदेशी जाणाऱ्यांना लस टोचण्यात एकोणीस वर्षं गेली. माझ्याइतकी तयारी कोणाची असणार?

२ सप्टेंबर, सोमवार
रजा मंजूर. २८ तारखेचं तिकीट काढलं, रद्द न होणारं, म्हणजे माघारीचा प्रश्नच नको. ह्यांनी विचारलं, नक्की ना? या माणसाचा माझ्यावर कधी विश्वास नव्हताच.

३ सप्टेंबर, मंगळवार
यलो फीव्हरची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर तिथे विमानतळावरूनच परत पाठवतात. आमच्याकडे ही लस फक्त मंगळवारी. बाटली एकदा फोडली की दहा जणांची, आणि सहा तासांत संपवायची. आज बरोबर दहा जण आले. अकरावी मी. माझ्या एकटीसाठी दुसरी बाटली फोडणं म्हणजे नऊ डोस वाया. त्याग केला.

दहाही जणांना म्हटलं, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होतं. एक पैलवानासारखा गडी डोळे गच्च मिटून बसला होता. हसू आवरेना.

६ सप्टेंबर, शुक्रवार
सॅक भरली. ओआरएसची तीस पाकिटं. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. मच्छरदाणी, शिट्टी, दाराला आतून लावायचा अडसर. पासपोर्टच्या झेरॉक्स पाच जागी, एक मोज्यात. थर्मामीटर दोन, कारण एक चुकू शकतो. एकूण एकोणीस किलो. धाकटीची सॅक सात किलोची होती म्हणे. बेजबाबदार.

ह्यांनी ती माझ्या पाठीवर चढवून दिली. मग म्हणाले, तिकडे कोण चढवणार? क्षुल्लक मुद्दा.

९ सप्टेंबर, सोमवार
काल पाण्याच्या गोळ्यांची चाचणी घेतली. एका ग्लासात दोन टाकल्या, जास्त सुरक्षित म्हणून. आज कामावर गेले नाही. पोट. ओआरएसची चार पाकिटं उघडली. त्यांचीही चाचणी झाली.

धाकटीचा फोन. म्हणाली, ताई, तू अजून घरीच आहेस ना?

१० सप्टेंबर, मंगळवार
सातच जण आले. तीन डोस शिल्लक. हाताखालची नर्स म्हणाली, बसा मॅडम, टोचते. आधी ताप पाहिला. एका थर्मामीटरवर ९८.८, दुसऱ्यावर ९८.४. इतका फरक असताना लस घेणं धोक्याचं. तीन डोस फेकावे लागले. वाईट वाटलं, पण तब्येतीपुढे काय.

अजून एक मंगळवार आहे. भरपूर वेळ आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार
धाकटी आली ती दारातच म्हणाली, कार्ड दाखव. कार्ड झालेलं नाही हे तिला कोणी सांगितलं? ह्यांनीच. मंगळवारी मी येते सोबत, म्हणाली. मी म्हटलं, एकटीच्या प्रवासाला सोबत नसते. तेवढ्यात तिने माझी नवी टोपी घालून आरशात पाहिलं. तिला जास्त शोभत होती. काढून घेतली.

१७ सप्टेंबर, मंगळवार
टोपी घालून, सॅक पाठीवर घेऊन कामावर गेले. सराव. दारात शिपाईमामांनी सॅक उतरवली. धाकटी आधीच येऊन बसली होती. आज नऊ जण. दहावी मी. कारण शिल्लक नव्हतं.

खुर्चीत बसले. एकोणीस वर्षांत सुई या बाजूने पाहिली नव्हती. या बाजूने ती बरीच लांब आहे. नर्स म्हणाली, काही नाही हो मॅडम, मुंगी

डोळे उघडले तर मी बाकावर आडवी, पाय उंच राहावेत म्हणून सॅकवर ठेवलेले. दंडाला काहीच टोचलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आज नको, पुढच्या मंगळवारी बघू. पुढचा मंगळवार म्हणजे २४. दहा दिवस भरत नाहीत. संपलं.

धाकटीने माझा हात धरला होता. हसेल असं वाटलं. हसली नाही.

"ताई, माझ्या लशीच्या वेळी मीही पडलेच असते. तू हात धरून ठेवलास, म्हणून मी तिकडे जाऊ शकले."

मला ती रडली होती एवढंच आठवत होतं. तेही चौघांना सांगून झालं होतं.

मग ती म्हणाली, हलू नकोस, आणि मोबाइल वर केला.

२८ सप्टेंबर, शनिवार
रजा वाया घालवायची नाही. प्रवास केला. एकटीने, बसने, आईकडे. या मार्गावर लस लागत नाही.

कपाटावर धाकटीच्या डोंगराशेजारी नवी फ्रेम. बाकावर मी, टोपी नाकापर्यंत, पाय सॅकवर. आई शेजारच्या काकूंना दाखवत होती. "आणि ही थोरली. हीसुद्धा निघाली होती."

आई आणि काकू चहा टाकायला आत गेल्या तेव्हा दोन्ही फ्रेम मोजून पाहिल्या. माझी दोन बोटं मोठी आहे.