दुनळीचं पार्सल

७ सप्टेंबर, रविवार
गावाहून कैलासचा फोन. बाबा गेले, शेती तोच करतो, म्हणून बंदुकीचं लायसन आता त्याच्या नावावर होतंय. दसऱ्याच्या पूजेला दुनळी पाठव म्हणाला. धाकटा भाऊ, आणि ऑर्डर थोरल्याला. इथे अख्ख्या मांजर्लीत बंदूकवालं घर आमचं एकच. पार्किंगवरून माझ्याशी कुणी भांडत नाही ते उगाच नाही. तरी पाठवेन. नियमाने, पोस्टाने. नियम काय असतो ते त्यालाही कळू दे.

८ सप्टेंबर
भारती म्हणते, लायसन बाबांचं, मग दुनळी आपल्या माळ्यावर कशी? आधी पोलिसांना विचारा. बायकोला सगळीकडे पोलीस दिसतात. बाबांनी स्वतः कव्हरात शिवून दिलीय. ‘तेल लावलंय, उघडू नको.’ मी दर दसऱ्याला कव्हरावरच हळदकुंकू वाहतो. याला शिस्त म्हणतात.

११ सप्टेंबर
नेटवर सगळे नियम वाचले. रायफल, शॉटगन पोस्टाने चालते. पिस्तूल नाही. सोपं आहे. लोक वाचत नाहीत, हाच या देशाचा प्रॉब्लेम.

१५ सप्टेंबर, सोमवार
पोस्टातल्या बाई म्हणाल्या, शस्त्र चालत नाही. मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘काका, हे अमेरिकेचं आहे.’ असेल. पोस्ट म्हणजे पोस्ट. रांगेतले हसले. त्यातल्या एकाच्याही घरी बंदूक नसणार.

१८ सप्टेंबर
उल्हासनगर कॅम्प पाच. कुरिअरवाला म्हणाला, ‘साईं, हम अचार नहीं लेते, आप बंदूक बोल रहे हो.’ लोणच्याची अक्कल.

२४ सप्टेंबर
आता कैलासही म्हणतो, पोलिसांना विचार. ठीक. उद्या त्यांनाही नियम समजावतो. दुनळी सोबतच नेतो. वस्तू समोर असली की बोलण्याला वजन येतं.

२५ सप्टेंबर, दुपार
टेबलावर कव्हर ठेवून म्हणालो, ‘दुनळी.’ तीन हवालदार एकदम उभे राहिले. बंदुकीला मान असतो. साहेबांनी विचारलं, लायसन? म्हटलं, वडिलांचं, ते वारले. आणली कशी? रिक्षाने. ‘बसा. आता घरी जाता येणार नाही.’ फोनही काढून घेतला. खुर्ची टेबलापासून जरा लांब सरकवली. डोक्यावर पंखा फुल होता.

टाके उसवले. आत पडद्याचे दोन रॉड, सुतळीने बांधलेले. गाठ बाबांचीच. साहेबांनी एका रॉडमधून आरपार पाहिलं. मग म्हणाले, ‘नशीब समजा काका. खरी असती तर आत होतात.’ चहा पाजला. बेचव.

संध्याकाळ
आईला फोन केला. ‘बंदूक व्हय? इलेक्शनला गावच्या चौकीत जमा केली, ती तिथंच हाय. तू बंदुकीसाठी हट्ट धरून बसलेलास. हे म्हणाले, त्याच्या हातात बंदूक नको, आन् नाय म्हटलं तर रुसंल.’ विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ‘मला कुणी इचारलं?’

२ ऑक्टोबर, दसरा
लायसन झालं. कैलासने चौकीतून दुनळी रीतसर सोडवली. पूजेचा फोटो आलाय. धरलीय कुदळीसारखी.

रॉड भारतीने हॉलला लावले. पडदे नीट बसले. सकाळी ती स्वयंपाकघरात असताना स्टुलावर चढून रॉडला झेंडूचं एक फूल खोचलं. काही झालं तरी बाबांनी दिलेत. उतरताना पाहिलं तर ती दारातच उभी होती. तिने दुसऱ्या रॉडसाठी आणखी एक फूल पुढे केलं.