मानाजी सुतारांचा खड्डा

प्रति,
मेहेरबान कमाविसदारसाहेब,
परगणे बोरखेडी, संस्थान धार

विषय : मौजे पिंपळदा येथील कै. मानाजी सुतार यांचा खड्डा न बुजविण्याविषयी.
संदर्भ : गावच्या चावडीवर नुकताच वाचून दाखविलेला आपला हुकूम.

महोदय,

खाली सही करणारा पिंपळद्याच्या शाळेत दुय्यम शिक्षक असून त्याची सविनय विनंती येणेप्रमाणे :

१. हुकुमात सदर खड्डा ‘निरुपयोगी’ म्हटला असून तो बुजवून रस्ता सारखा करण्याविषयी गावास फर्माविले आहे. हुकूम वाचला तेव्हा मी हजर होतो. चार माणसांत मला बोलता येत नाही. म्हणून तेथे जे बोलावयाचे होते ते येथे लिहितो. मजकूर लांबल्यास क्षमा असावी.

२. मानाजी जन्मतःच पायांनी अधू होते. दोन्ही पाय मांडीखाली वळलेले. ते हातांवर चालत, व तळहातांस खडे लागू नयेत म्हणून त्यांनी हातांत धरण्याच्या सागवानी खडावा स्वतः घडविल्या होत्या. गाडीचा आंस मोडला तर इतर सुतार माल उतरवून, चौघांचे हात लावून गाडी उलथी करतात. त्या चौघांत उभे राहणे मानाजींस शक्य नव्हते. तेव्हा गाडी वर उचलण्याऐवजी ते स्वतः खाली गेले. रस्त्याच्या कडेस निंबाखाली, बसल्या बसल्या, खुरप्याने त्यांनी हा खड्डा खणला. एक बाजू उतरती ठेविली; तीवरून घसरत आत जात, आणि निंबाच्या मुळीस बांधलेल्या दोरास धरून बाहेर येत. गाडीची दोन चाके दोन काठांवर उभी करावयाची, म्हणजे आंस नेमका त्यांच्या हातांशी येई. भरली गाडी भरलीच राहून दुरुस्त होई. धामनोदकडून कापूस आणणारे गाडीवान वाट वाकडी करून येथे येत, ते ह्याचसाठी.

३. त्यांचे बोलणे निम्मे मराठी, निम्मे माळवी. दुरुस्ती चालू असता गाडीवरून न उतरणाऱ्या एका पटेलास त्यांनी खालून म्हटलेले मी ऐकले आहे : “पटेल, थे म्हारा माथा पर बठ्या हो, पण थांकी गाडी की कमर म्हारा हात में हे.” पटेल हसले आणि उतरले. शाळा सुटल्यावर मी काठावर जाऊन बसत असे. त्यांनी मला कधी काही विचारले नाही. खालून पटाशीचा आवाज येई. मधूनच एक हात वर येई, मी त्यात खिळा ठेवी. ह्या गावात माझे संभाषण म्हणावे असे तेवढेच होते.

४. गेल्या भाद्रपदात ते तापाने वारले. वारस कोणी नाही. गावाने नवा सुतार आणला आहे. त्यास खड्ड्यात उतरून पाहण्यास सुचविले असता तो म्हणाला, “मी धडधाकट माणूस, पांगळ्याच्या खड्ड्यात कशाला उतरू?” आता गाड्या पुन्हा उलथ्या होतात, व कापसाचे गठ्ठे धुळीत पडून असतात.

५. डाकेचा टांगा अडतो ही हुकुमात नमूद केलेली तक्रार खरी आहे. मानाजी आलेल्या प्रत्येक बैलापुढे कडब्याची पेंढी टाकीत. ती सवय बैलांस अद्याप आहे. गाडी मोडलेली नसली तरी ते निंबाखाली येऊन थांबतात, आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होते. परंतु बैल खड्ड्यासाठी थांबत नाहीत, हे साहेबांनी कृपा करून ध्यानात घ्यावे. खड्डा बुजविल्याने ते थांबण्याचे राहणार नाहीत.

६. ही गोष्ट मी आमच्या गावचे दत्ताजी पटेल यांस कशीबशी सांगितली. ते म्हणाले, “मास्तरसाब, खाडो हे, कंई मिंदर तो नी हे.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मंदिर असते तर अर्ज करावा लागला नसता. मानाजींची समाधी नाही, छत्री नाही. अस्थी नर्मदेत गेल्या. ह्या मनुष्याने पृथ्वीवर स्वतःपुरती जेवढी जागा केली, ती एवढीच.

७. सबब, खड्डा राहू द्यावा. तसे न झाल्यास त्यावर फळ्या घालण्याची परवानगी द्यावी. फळ्याही नामंजूर असल्यास त्याभोवती कुंपण घालून राखण मजकडे द्यावी. शाळेच्या वेळेखेरीज मी तेथेच असतो. कोणी पडल्यास त्याचा जबाब मी देईन.

८. ह्यापैकी काहीच मान्य होण्यासारखे नसल्यास अखेरची विनंती अशी की, ह्या कामी गावची वेठ लावू नये व बाहेरचा मुरूम आणू नये. खड्ड्यातून निघालेल्या मातीचा मानाजींनी शेजारीच ओटा केला आहे. ती माती मी स्वतः टोपलीने परत घालीन. काम पुरे झाल्यावर ओटाही राहणार नाही, खड्डाही राहणार नाही. जमीन ते येण्यापूर्वी होती तशी सारखी होईल, आणि हुकुमाची तामील झाली असे लिहिता येईल. मात्र ह्यास मुदत घालू नये. मी हळू भरीन.

आपल्या आज्ञेच्या प्रतीक्षेत,
नम्र सेवक,
शरच्चंद्र गोपाळ टिपणीस
मुक्काम पिंपळदा
तारीख ११ डिसेंबर १९०९