त्याच्या वयाची माणसं

अब्बा, हे मी मराठीत लिहितेय. उर्दू तुमची होती. ही मी नेकनूरच्या गल्लीत शिकले, आन भांडायला हीच बरी पडते. निजाम सरकारची सनद असलेले तुमी गावचे काझी. मी भाकरी थापायला बसले की चुलीपुढं पाट घेऊन यायचात. शरीयतीचा हर एक हुकूम कशासाठी तरी असतो म्हणायचात, आन पिठानं भरलेली माझी पाच बोटं धरून मोजून घ्यायचात: दीन म्हंजे धरम, जीव, अक्कल, वंश, माल. ह्या पाचांना जपायलाच सगळा कायदा. प्लेगच्या साली तुमी मशिदीतली जमात, समद्यांची एकत्र नमाज, बंद ठेवलीत, लोकांना रानातल्या झोपड्यांत नमाज पढायला लावलंत. चिडलेल्यांना म्हणालात, जीव राहिला तर दीन राहील. लई अभिमान वाटलता मला तुमचा.

मग माझा नवरा मुंबईला म्हणून गेला तो गेलाच. सहा वर्षं ना चिठ्ठी ना निरोप. मी निकाह मोडून मागितला. नवरा बेपत्ता झाला तर चार वर्षं वाट बघून बाईला मोकळं करावं, असं दुसऱ्या इमामांचं मत हाय. तुमीच मला वाचून दाखवलेलं. त्या दिवशी मात्र तुमी किताब मिटलीत.

"आपण हनफी, आपल्या इमामांचं मत येगळं. त्याच्या वयाची माणसं गावात जिवंत हायेत, तवर तो जिवंत."

मी पिठाची बोटं तुमच्यापुढं धरली. "ह्यातलं काय जपलंत, अब्बा?"

"लोक म्हणतील, काझीनं लेकीसाठी शरीयत वाकवली."

म्हणजे पाचातलं एकबी न्हाई, तुमची अब्रू! प्लेगात वाट सापडली, ती लेकीला कावून सापडली न्हाई? दुसऱ्याची लेक असते तर सोडवलं असतंत. राग त्याचाच येतो, अजून येतो. सत्तावीस वर्षांची होते मी.

त्याच्या वयाची अकरा माणसं होती. जनाजा निघाला की मी दाराआडून मेलेल्याचं वय विचारायची. बोटांवर मोजायची सवय तुमीच लावलेली. तुमी गेलात तवा सात उरली होती. आता एकटा पिंजारी राहिलाय, खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. माझे केस पांढरे झाले, मोकळी होऊन जायचंय तरी कुठं?

हे तुमच्या कबरीवर ठेवणार होते. राहू दे, पिठाच्या डब्याखाली ठेवते. काल पिंजाऱ्याला मटणाची यखनी पाठवली, खोकल्यावर गरम प्यायला. त्याच्या बायकोनं दुवा करायला सांगितली. मी हात उचलले, माझी पाच बोटं मलाच दिसली, आन तो बरा होवो एवढं तोंडातून निघालं न्हाई.