नाव न घेता

बुधवार, ३

पुन्हा तेच! बायबलचं वचन मी समजावलं, घसा मी कोरडा केला, आणि शेवटी सगळ्या जणी जावेभोवती गोळा. "किती मनापासून प्रार्थना करता हो तुम्ही!" मनापासून कसली? नाक ओढत तीन वाक्यं! गट माझा, हॉल माझा, चहा माझा – आणि कौतुक हिचं. आयत्या बिळावर नागोबा.

चर्चचे पाळक म्हणाले, चौदा जणी झाल्या, आता या गटाचे दोन करू. दुसऱ्याला प्रमुख कोण, ते बोलले नाहीत. मला न कळायला मी काय दूधखुळी आहे?

गुरुवार, ४

शिवणकामवाली जिन्यात भेटली. नवा गट जावेकडे गेला तर ती तिकडे जाणार. "मला जवळ पडतं ना!" जाऊ माझ्याच डोक्यावर राहते, वरच्या मजल्यावर. एक जिना जास्त चढून जवळ!

बुधवार, १०

आज चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या. दोघींनी एकमेकींसाठी प्रार्थना करायची, आणि जोडीत ऐकलेलं जोडीतच ठेवायचं. नियम मीच घातलेला. माझ्या वाट्याला जाऊ आली.

तिची शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी तीन आठवड्यांपूर्वी गेली! दिराला पत्ता नाही. रोज डबा घेऊन निघते, वाचनालयात बसते, पाचला परतते. "ताई, तुमच्याशिवाय कुणाला बोलले नाही." माझा हात धरून रडली. मी प्रार्थना केली. खरं लिहायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या.

शनिवार, १३

गटप्रमुखांची बैठक. प्रत्येकीने प्रार्थनेसाठी एक विषय द्यायचा असतो. मी दिला. नाव घेतलं नाही! एवढंच म्हटलं – आमच्या घरातल्या धाकटीची नोकरी गेली आहे, नवऱ्यापासून लपवते आहे, तिला खरं बोलायचं बळ मिळो. पाळकीणबाईंनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे विषय सगळ्या मंडळीच्या फोनवर पाठवला.

आमच्या घरात धाकटी एकच आहे. ते मला बोलताना माहीत होतं.

रविवार, १४

उपासना संपली. चर्चच्या फाटकापाशी दिराने सगळ्यांदेखत विचारलं, "डबा कुठे खातेस गं रोज?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! प्रार्थनाच मागितली ना मी? चोरी तिची, आणि तोंड लपवायचं मी?

बुधवार, १७

नेहमीसारखं विचारलं – कुणासाठी काय प्रार्थना करायची?

शिवणकामवाली म्हणाली, "माझं सगळं ठीक आहे."

नर्सबाईंची सासू दोन महिने अंथरुणाला खिळलेली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे छान चाललंय."

मग पुढची ठीक. तिच्या पुढचीही ठीक. जाऊसुद्धा आली होती, दारालगतच्या खुर्चीत बसली. "माझंही बरं आहे, ताई."

सात वर्षांत एकाही बुधवारी सगळ्या जणी बऱ्या नव्हत्या! चहा न घेताच गेल्या. किटलीभर चहा मोरीत ओतला. कृतघ्न मेल्या! रडले, तेही संतापाने.

गुरुवार, १८

पाळकांचा फोन. नव्या गटाला प्रमुख मिळत नाही, म्हणून तूर्त गट एकच. मी म्हटलं, आमच्या जावेला विचारा की!

"तिलाच आधी विचारलं होतं, तीन तारखेला. नको म्हणाली. म्हणाली, बायका जिवाचं सांगतात, ते ताईंसारखं पोटात ठेवायला मला जमायचं नाही."