खोडलेला लाकूडफाटा

बाई, ब्रह्मदेशातून आलेली ती लहान मुलगी माझ्या भाषणामुळे मेली नाही. हे मला गेल्या महिन्यात किन्हवलीत कळलं. तुम्हाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते सांगायला तुम्ही मला एकदा भर बाजारात हाकही मारली होती. तेव्हा मी थांबलो असतो तर माझी तीस वर्षं वाचली असती. थांबलो नाही. आता तुम्ही नाही, तुमच्या त्या थंड मुलुखातली तुमची कबर कुठल्या गावात आहे तेही मला माहीत नाही, आणि बोलल्याशिवाय मला राहवत नाही. बोलण्याची ही खोड तुम्हीच लावली, तेव्हा ऐकून घ्या.

मी तुमच्या पडवीत पहिल्यांदा आलो तेव्हा नऊ वर्षांचा असेन. मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, जरा आत, तुमचं कौलारू घर. आमच्या गावची माणसं तुम्हाला पाद्रीणबाई म्हणत. तुम्ही पाद्री नव्हता आणि सरकारच्याही नव्हता. आपखुशीनं आला होता, पोरं शिकवायला. मराठी तुम्ही आधी पुस्तकातून शिकलात आणि मग आमच्या आयाबायांकडून पुन्हा शिकलात, त्यामुळे तुमच्या तोंडी 'कृपया' आणि 'नाय गो' एकाच वाक्यात यायचं. पावसाळ्यात पडवी गळायची, मग शाळा स्वयंपाकघरात भरे. तुम्ही एका हातानं नाचणीची भाकरी थापता आहात, दुसऱ्या हातात पुस्तक, भाकरी करपते आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही, हे मला आजही दिसतं. माझी आई म्हणायची, "बाईची भाकर कुत्रा पण नाय उचलायचा, पण बाई चांगली हाय." तिथेच तुम्ही मला बोलायला शिकवलंत. मला कणगीपाशी उभं करायचात, स्वतः पार दुसऱ्या टोकाला चुलीपाशी जायचात आणि म्हणायचात, "मी सभेतली मागची म्हातारी आहे. मला कमी ऐकू येतं. बोल." एकदा मी आपल्या शाळेला काय काय हवं यावर भाषण केलं: फळा, बाक, कंदील, घंटा, नकाशा. तुम्ही हात वर करून थांबवलंत. "तीन. चौथी गोष्ट लोक घरी नेत नाहीत, वाटेत सांडतात." मग कपाटातून एक पेन्सिल काढून दिलीत, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. लाल बाजूनं खोडायचं आणि निळीनं पुन्हा लिहायचं. "लाल बाजू आधी संपली तर तुला बोलता यायला लागलं असं मी समजेन." ती पेन्सिल मी पुढं दहा वर्षं जपून वापरली.

बेचाळीसच्या वैशाखात बैलगाड्या आल्या. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता आणि तिकडे गोदीत, गिरण्यांत पोटाला गेलेली आपली माणसं डोंगर-जंगलं तुडवत परत येत होती. नवरे मागे राहिलेल्या तीन बाया आणि वाटेत आईबाप गमावलेली अकरा मुलं तुमच्याकडे पाठवली गेली. तुमच्याच देशातून आलेली एक नर्सबाई त्यांच्यासाठी तुमच्या सोबतीला राहिली. आसनगाव स्टेशनावरून गाड्या निघाल्या त्या आमच्या गावाजवळून गेल्या. आई आणि मी बांधावर उभे होतो. शेवटच्या गाडीत चार-पाच वर्षांची मुलगी, डोकं भादरलेलं, आणि भर उन्हाळ्यात अंगात पायापर्यंत लोंबणारा लोकरीचा कोट. कुणीतरी दिलेला. तो काढायला गेलं की ती ओरडायची, असं मागून कळलं. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिची भाषाही नाही. आई गाडीमागून थोडी चालत गेली आणि परत आली. म्हणाली, "हिला दूध पायजे."

आणि त्याच पावसाळ्यात मी वीस वर्षांचा, पेटलेला. मिळेल ते वाचलं होतं, गांधी टोप्या घातलेली पंधरा पोरं माझ्या शब्दावर चालत होती, आणि मला शत्रू जवळ हवा होता. लंडन लांब होतं. तुमच्या पडवीत मी एक गोरा साहेब चहा पिताना पाहिला होता, आणि जेवणाआधी ती मुलं डोळे मिटून तुमची प्रार्थना म्हणताना ऐकली होती. मी येऊन तुम्हाला विचारलं. तुम्ही शेंगा सोलत होता. "साहेब घोंगड्या द्यायला आला होता. आणि प्रार्थनेसाठी मी कुणाला मारत नाही," म्हणालात. मी म्हटलं, "भुकेल्याला मारावं लागत नाही, बाई." तुम्ही हातातली शेंग न सोलताच सुपात परत टाकलीत. ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. ज्याच्या हातात ताट आहे त्यानं दुसऱ्याला देव सांगू नये, हे मी पुढे जन्मभर सांगत आलो, तुमच्या धर्माच्या लोकांना आणि माझ्याही. पण वाक्य खरं असलं म्हणजे बोलणारा बरोबर असतोच असं नाही. हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. कदाचित ते शिकवता येत नसेल.

दसऱ्यानंतरच्या मुरबाडच्या बाजारासाठी मी भाषण लिहिलं. अंगणात फेऱ्या मारत मोठ्यानं म्हणत होतो आणि आई उखळात भात कांडत होती. तुमच्या घराला गावानं काय काय द्यायचं नाही याची यादी होती: दूध, तांदूळ, अंडी, लाकूडफाटा. म्हणताना वाक्य शेवटी लंगडायचं. मी पेन्सिल काढली आणि चौथ्यावर लाल रेघ मारली. पुन्हा म्हटलं: परक्याच्या चुलीवर आमचं दूध चढणार नाही, आमचा तांदूळ चढणार नाही, आमचं अंडं चढणार नाही. झकास बसलं. आईनं मुसळ थांबवलं. "आनि लाकडां नाय बोललास ती?"

"आये, चार झाली की लोक विसरतात."

"असां का," म्हणाली आणि पुन्हा कांडायला लागली.

बाजारात ते भाषण असं झालं की तसं पुन्हा माझ्याकडून झालं नाही. भाजीवाल्यांनी तागड्या खाली ठेवल्या. आमच्या गावच्या बाया पुढेच बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनं सुद्धा. आणि सगळ्यांच्या मागे, हातात बटाट्याची पिशवी घेऊन, तुम्ही उभ्या होता. संपल्यावर माणसं पांगली तशा तुम्ही पुढे आलात. मी मान ताठ करून सज्ज होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "मागे ऐकू आलं." आणि निघून गेलात. मला पुढं आयुष्यात खूप लोक खूप काही बोलले, शिव्या दिल्या, एकदा दगडही मारला. त्यातलं काही इतकं लागलं नाही.

तुमच्या फाटकावर आमची पोरं पाळीपाळीनं बसायला लागली. गवळी परत गेला. तांदळाचं गाढव परत गेलं. मोळीवाल्या बाया तेवढ्या जात-येत होत्या, त्यांच्यावर बंदी नव्हती. मला वाटलं, जिंकलो. मग पंधराएक दिवसांनी सकाळी मी पाळी बघायला आलो तर कुंपणाच्या कोपऱ्यात तुम्ही आणि नर्सबाई कुदळीनं खणत होता. बाजूला एक लहान लाकडी पेटी. पेटीच्या फळीवर डब्याच्या दुधाच्या कारखान्याचा छाप होता. ते दुधाचं खोकंच होतं, रिकामं झालेलं. तो कोट घडी करून वर ठेवला होता. मी काही विचारलं नाही. विचारायला काय होतं? दूध संपलं, खोकं रिकामं झालं, आणि त्यात ती मुलगी. मी रस्त्यानं तसाच पुढे गेलो. तिसऱ्या दिवशी मला पकडलं. खरं सांगतो, बेड्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं.

मी तुरुंगात असतानाच आई गेली. सुटून आलो तेव्हा तुमची मुलं अजून होती, पण मी तुमच्या फाटकावरून एकदाही गेलो नाही. शहापूरला जायचं तर किन्हवलीवरून वळसा घालून जायचो आणि सांगायचो, तिकडे काम आहे. एकदा बाजारात तुम्ही मला पाहिलंत. माझ्या नावानं हाक मारलीत, दोनदा. मी गवताच्या गाडीमागे उभा राहिलो. चाकाच्या आऱ्यांतून तुमच्या चपला दिसत होत्या. त्या थांबल्या, इकडे वळल्या, तिकडे वळल्या, आणि गेल्या. लढाई संपल्यावर मुलांची पांगापांग झाली, कुणाचे काका सापडले, कुणी मोठ्या शाळेत गेलं. तुम्ही आजारी होऊन मायदेशी गेलात आणि वर्षाच्या आत वारल्याचं कुणीतरी सांगितलं. मी पुढे शेकडो सभा केल्या. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण त्या दिवसानंतर माझ्या कुठल्याही भाषणात 'दूध' हा शब्द आला नाही. उपमेतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात किन्हवलीत माझा सत्कार होता. बेचाळीसचे जुने लोक म्हणून. बोलणाऱ्यानं मुरबाडच्या भाषणाचा उल्लेख केला, 'त्या दिवसापासून त्या बंगल्यात दुधाचा थेंब गेला नाही' असं म्हणाला, आणि बायकांच्या घोळक्यातली एक म्हातारी हसायला लागली. तोंडाला पदर लावून, पण थांबेना. सभा संपल्यावर मी तिच्यापाशी गेलो. आमच्या गावची लेक, किन्हवलीला दिलेली. लग्नाआधी आईबरोबर रानात मोळीला जायची.

"हसू नको तं काय करू?" ती म्हणाली. "त्या बंगल्यात आमी रोज दूध नेलाय. मोळीच्या पोटात सुका भोपला, भोपल्यात दूध. तुजी पोरां फाटकावर बसून आमाला वाट देत."

मी म्हटलं, "कुणी काढलं हे?"

"कोन काढील? तुज्या आयनं. तुजां भाषान तिला तुज्यापेक्षा पाठ व्हतां. ती बोलली, लाकडां नाय बोलला तो, लाकडां न्यायची."

"आणि तांदूळ?"

"वटीत बांदून."

"अंडी?"

"अंडी फुटतात रे. अंड्यांपुरता तुजा आयकला." ती पुन्हा हसली. मग म्हणाली, "एकदा तं माजी मोळी घसरली नि तूच येऊन हात दिलास. बोललास, लय जड हाय गो आज."

मला आठवलं. खरोखरच आठवलं. मग मी तिला ते विचारलं जे तुम्हाला विचारायला हवं होतं. ती हसायची थांबली. "ती पोर आली तवाच अर्दी व्हती रे. छातीत काय राहिलाच नव्हता तिच्या. ती नरसबाई पैल्याच दिवशी तुज्या आयला बोलली, दिवाली नाय बघायची ही. डब्याचां दूध तिला पचत नव्हतां, ता बाकीच्या पोरांनी संपवला. हिच्यासाठी शेलीचां नेत व्हतू. त्या सकाळी पण प्याली. तुज्या आयच्या मांडीवर."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचां काय त्यात? आदी तू जेलात. मंग तू मोठा झालास. मोठ्या मान्साला कशाला लाजवायचा?"

बाई, मी तिथे पायरीवर बसलो. कार्यकर्ते पाणी घेऊन धावले, त्यांना वाटलं मला घेरी आली. मला नुसतं हलकं वाटत होतं. आयुष्यभर मी चिडत आलो की हे लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतात. त्याच गोष्टीनं मला वाचवलं. आता आठवतं, तुमच्या घरामागं लाकडं खिडकीपर्यंत रचलेली होती. एवढी लाकडं जाळणार कोण, हे मला एकदाही सुचलं नाही. आणि तुम्ही 'मागे ऐकू आलं' म्हणालात, तेव्हा चिडला नव्हता. तुम्ही बोटांवर तीन मोजले असणार, आणि चौथं काय राहिलं ते आईच्या आधी तुम्हाला कळलं असणार. परवा एका सभेत मी एका पुढाऱ्याला 'दूधखुळा' म्हणालो. लोक हसले. का बरं वाटलं ते मला एकट्याला ठाऊक.

पत्र इथे थांबवतो. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं लिहिल्यावर टाकलं नसतं. किन्हवलीहून परत येताना म्हातारीचं बोलणं ऐकलेल्या एका तरुण कार्यकर्त्यानं गाडीत विचारलं, "म्हणजे लाकूडफाट्याची वाट तुम्हीच मोकळी ठेवली होती का?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मुद्दामच." आता तो सगळीकडे तसं सांगत फिरतो आहे. नव्हती ठेवली, बाई. वाक्य लांबत होतं.