कंट्रोलला माझं रक्त

१० नोव्हेंबर

आज पहिला शब्द तोंडातून फुटला तो लिफ्टपाशी — "थांबा!" शनिवारी संध्याकाळी घरात शिरले, त्यानंतर कुणाशी बोलणंच झालं नव्हतं. आवाज घोगरा निघाला. आपला नव्हेच की काय असं वाटलं.

लिफ्टमध्ये आमच्या लॅबच्या प्रमुख, बाई. "बरं झालं भेटलीस. एक केस आहे. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही." एवढ्याशा वाक्याने दिवस भरून गेला. लाज वाटली त्याचीही.

केस अशी. माझ्याच वयाची बाई. ऑपरेशनमध्ये रक्त कमी पडलं म्हणून घाईघाईत सख्ख्या भावाचं चढवलं. बरी होऊन घरी गेली. आता ताप, अंगभर पुरळ, रक्तातल्या पेशी रोज खाली. जंतू कुठलाच सापडत नाही. वॉर्डातले म्हणतात औषधाची ॲलर्जी. बाईंना वेगळीच शंका — भावाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिच्या शरीरात ठाण मांडून बसल्यात. सख्खं नातं, म्हणून शरीर त्यांना हाकलत नाही. आणि त्या मात्र तिलाच परकी समजून पोखरतायत!

ॲलर्जी असेल तर औषध बंद करून थांबायचं. हे असेल तर थांबणं म्हणजे मरण.

११ नोव्हेंबर

पीसीआर लावतेय. पुरुषांतच असणारा डीएनएचा एक तुकडा तिच्या रक्तात शोधायचा. यंत्र त्याच्या प्रती काढत जातं — दुप्पट, पुन्हा दुप्पट. तुकडा असेल तर पडद्यावर रेष वर उचलते. जितका जास्त, तितकी लवकर. नसेल तर आडवी पडून राहते.

आमच्या टेक्निशियनला, भाऊसाहेबांना, खोलीत बंदी. बाप्या माणसाच्या नखाची धूळ पडली तरी घोळ! दारातूनच ओरडले, "मॅडम, मी शिंकलो तर पेशंटला मिशा फुटतील का हो?" हसले. खूप दिवसांनी, पोटातून.

कंट्रोलला — म्हणजे जिथे रेष उचलायलाच नको असं रक्त — माझंच काढलं. बाईमाणूस, मूल ना बाळ. याहून रिकामं रक्त कुठे मिळणार?

१२ नोव्हेंबर

पेशंटची रेष झरकन वर गेली. आणि माझीही! अगदी शेवटी, पुसट. पण गेली. रक्ताऐवजी साधं पाणी घातलेली नळी मात्र स्वच्छ, म्हणजे रसायनांत घोळ नाही.

कंट्रोल फसला की सगळंच बाद. रिपोर्ट देता येत नाही. बाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "परत लाव." तेच जास्त लागलं. माझ्या टेबलावर असं कधी झालं नव्हतं.

बाहेर बाकावर पेशंटचा भाऊ. दोन्ही बाजूंना तिच्या दोन मुली, त्याच्या अंगावर कलंडून झोपलेल्या. "मॅडम, ताईला अजून लागलं तर सांगा हां. माझं चालतं तिला." शर्टाची बाही वर करूनच बसला होता. मी मान हलवली आणि चालत राहिले. दुसरं काय करणार होते?

१३ नोव्हेंबर

टेबल पुसलं. थेंब मोजायच्या पिपेट बदलल्या. स्वतःचं नव्याने रक्त काढलं. पुन्हा तेच. पाणी स्वच्छ, मी नाही.

वॉर्डातून फोनवर फोन. ती आता डोळे उघडत नाही म्हणे.

रिसेप्शनवरच्या नव्या मुलीला गाठलं. "तुझं जरा रक्त दे. कधी दिवस गेले होते का गं?"
"ईऽऽ मॅडम! आधी कुणी भेटू तर दे! — सॉरी, द्या!"
सुई पाहून तिने डोळे गच्च मिटले. माझा हात धरला. किती गरम होता तिचा हात.

तो प्रश्न मी तिला का विचारला?

१४ नोव्हेंबर

रिसेप्शनवरच्या मुलीची नळी कोरी. भावाच्या रक्ताशीही ताडून पाहिलं — पेशंटमध्ये त्याच्याच पेशी, भरभरून. रिपोर्ट गेला. त्या पेशींना मारणारी औषधं लगेच सुरू झाली. "वेळेत सापडलं असं म्हणवत नाही," बाई म्हणाल्या, "पण सापडलं."

भावाला कुणी काय सांगितलं कोण जाणे. बाकावर तसाच होता. बाही खाली ओढून बटण लावलेलं.

मग बाईंनी दार लोटून घेतलं. "तुझ्या नळीचं काय? तुला कधी रक्त चढवलंय? मोठा भाऊ आहे? त्याच्या पेशी आईतून धाकटीत येतात कधीकधी."
"नाही. थोरली मीच."
"हं." मग हळूच — "पोटातल्या बाळाच्या पेशी आईत उतरतात गं. काही राहून जातात, वर्षानुवर्षं. मूल जन्माला आलं नाही तरी."
"तसं काही नाही, बाई."
त्यांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. मी प्यायले. गार झाला होता.

१५ नोव्हेंबर

तिचा ताप थोडा उतरलाय. बस, एवढंच. पण उतरलाय.

तिसरा महिना चालू होता. "जीव लागायच्या आत गेलं ते बरं," असं नवरा म्हणाला होता. त्याचा लागला नसेल. पुढे तोही गेला, सामान घेऊन, नीट निरोप घेऊन. भांडण नाही, काही नाही. सगळे म्हणाले, तू तरुण आहेस. मुलगा की मुलगी, कुणी विचारलं नाही. मीही नाही. विचारायचं तरी कुणाला? आणि एवढ्याशा जिवाचं काय कळणार!

१६ नोव्हेंबर

ती पुसट रेष. मुलगा.

आणि मी समजत होते, या घरात मी एकटीच राहते.