जाताना ‘येते’ म्हणायचं नाही

प्रिय अक्का,

मंजुरी आली. समितीच्या सचिव डॉक्टरबाईंनी सकाळी तुझ्या विद्यार्थिनीला, शैलजाला सांगितलं, शैलजाने मला, आणि मी पेपरातल्या नोकरीच्या सवयीने डॉक्टरबाईंनाच फोन लावून खात्री करून घेतली. “हो, सही झाली आहे,” त्या म्हणाल्या. मग, “त्यांना कळायला हवं होतं.” म्हणून कळवतो आहे. दुसरं कोण कळवणार?

घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक दिवस कसे काढतात, हे त्यांच्याच घरी जाऊन विचारायचं. एवढाच तुझा अभ्यास. त्याच्या परवानगीसाठी तू किती बसचे प्रवास केलेस! विद्यापीठात अशी समिती नव्हती, म्हणून ज्या इस्पितळातून घरांची नावं मिळणार होती तिथल्या समितीकडे अर्ज गेला. त्यांना सवय नव्या औषधांची. अर्जात ‘मात्रा किती’ आणि ‘दुष्परिणाम कोणते’ असे रकाने होते. मात्रेपुढे तू लिहिलंस, ‘तासभर, समोरचा म्हणेल तेव्हा बंद.’ दुष्परिणामांपुढे लिहिलंस, ‘रडू येईल.’

अध्यक्षांनी विचारलं, “आलं तर काय करणार?”

“थांबणार.”

“आणि नाही आलं तर?”

याचं उत्तर आपल्याकडे नव्हतं, असं तू घरी येऊन सांगितलंस. तेव्हा आपण हसलो होतो.

मी तुला चिडवायचो, आठवतं? “अक्का, माणूस गेलेल्या घरी जायला आम्हाला कुणाची चिठ्ठी लागत नाही. जायचं, फोटो मागायचा, दोन वाक्यं घ्यायची, संध्याकाळच्या आत मजकूर द्यायचा.”

“म्हणूनच तुम्हाला कुणी खरं सांगत नाही,” तू म्हणायचीस आणि माझ्याच पानातली चूक दाखवायचीस.

तुझ्या पहिल्या प्रश्नावरूनही वाद झाला होता. ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झालं का. अध्यक्ष म्हणाले, बाई, हा प्रश्न नव्हे, हा बंगलोरचा नमस्कार आहे, याचं उत्तर कोणी खरं देतं का? तू म्हणालीस, “हा न विचारता दुसरा विचारता येत नाही, सर.” तो राहिला.

आणि चिकपेटची ती गोष्ट. तुंगामावशींचे यजमान गेले तेव्हा तू भेटायला गेलीस. अभ्यासासाठी नव्हे, नात्याने. पण डोक्यात आराखडा घोळत होता. त्यात लिहिलेलं, की निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगावा. चपला घालताना तुझ्या तोंडून सहज निघालं, “पुढच्या आठवड्यात परत येते हं मावशी.”

सुनेने तोंडावर हात ठेवला. मावशी मात्र आतून शांतपणे म्हणाल्या, “स्वल्प थांब गं मालती. इतक्यात परत कशाला? आमच्याकडचं अजून कोणाला पोचवायचंय?”

दुःखाच्या घरातून उठताना ‘येते’ म्हणायचं नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. कन्नडातही ‘होगी बर्तीनी’, जाऊन येते, असं म्हणत नाहीत. आणि एवढी शिकवणारी तू, तूच म्हणालीस! घरी आल्यावर आधी हसलीस, मग जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी ते पान बदललंस. पुढच्या भेटीचं बसण्याआधीच विचारून घ्यायचं. ‘आता बरं वाटतंय ना’ हेही बसल्या जागीच विचारायचं. एकदा उठलं की हात जोडायचे आणि एक शब्द न बोलता निघायचं.

समिती अडली ती इथेच. बोलणं संपल्यावर माणूस सावरला आहे का ते पाहणं, त्याचा नीट निरोप घेणं, हा म्हणे नियमच. न बोलता चालू पडणं हा बेजबाबदारपणा. बैठकीमागून बैठक झाली. शेवटी अध्यक्ष तुला बाजूला घेऊन म्हणाले, “प्रथा मलाही माहीत आहे हो. पण ती कागदावर कशी घालायची?”

“नाही घातली तर माझ्या विभागातल्या मुली ‘येते’ म्हणतील, सर. निरोप घेतल्याशिवाय उठू नका, असं आपणच त्यांना शिकवलंय.”

त्याचा निकाल यायचा होता. त्या सकाळी तू विभागात जायला निघालीस, जिन्यावरून नेहमीसारखं “येते रे” म्हणालीस. मी पेपरात चुकांवर खुणा करत होतो. “हं,” म्हटलं, मान वर केली नाही. दुपारी विभागातून फोन आला.

तू गेल्याची बातमी मीच लिहिली, पान दोनवर. बेताची झाली, कुठे खोडावं लागलं नाही. मग लोक आले. बसले, उठले, हात जोडून न बोलता गेले. सगळे अगदी तुझ्या आराखड्याप्रमाणे वागले. जेवलास का, हे मात्र कोणी विचारलं नाही. ताट समोर ठेवत होते आणि मी जेवत होतो. अजूनही जेवतो. ऑफिसला जातो, पान वेळेवर छपाईला सोडतो. तुझी भावजय सुधा माझ्याकडे बघत राहते, दुधावर लक्ष ठेवावं तशी. उतू काही जात नाही, अक्का. आत काही तापलेलंच नाही.

न बोलता उठायचं ते पान तसंच मंजूर झालं, पण मंजुरीत एक अट आहे. खऱ्या घरांत जाण्याआधी सगळे प्रश्न एका घरी विचारून पाहायचे, नीट चालतात का ते. ती उत्तरं अभ्यासात धरायची नाहीत. तुझ्या जागी आता विभागप्रमुखांचं नाव आहे, पण घरोघर फिरणार तुझी शैलजाच.

तिने फोनवरच विचारलं. तिचं कन्नड तुला माहीत आहे, घाबरली की अजून वेगाने बोलते. “अण्णा, महिना होऊन गेला म्हणून विचारते. तुमच्याकडे विचारून पाहू का? नको म्हणालात तर कारण सांगायला नको. मॅडमनी तसंच शिकवलंय.”

“खऱ्या अभ्यासात मला का नाही घेत?”

“नातेवाईक चालत नाहीत, अण्णा. मॅडमनीच तसं लिहिलंय.”

वा. म्हणजे बंगलोरातल्या कुठल्याही घरात तुझी माणसं जाऊन विचारतील, फक्त तुझ्या घरचं उत्तर धरायचं नाही. नियम बरोबर आहे, मला कळतं. तरी हे एकच वाक्य इतक्या दिवसांत मला जरासं लागलं. लागलं म्हणून बरंही वाटलं.

“माझी उत्तरं मग काय करणार?” मी विचारलं.

“फाडून टाकणार.”

“सरी, ठीक आहे. उद्या सांगतो.”

सुधाला सांगितलं तर म्हणाली, “तिच्यासमोर बसून तुम्ही बातमी द्याल. किती वाजता, कुठे, कोणते डॉक्टर. कसं वाटतं विचारलं तर म्हणाल, पान दोन पाहा.”

खोटं नाही ते. भीती मला हीच आहे. ती पोर तुझे प्रश्न एकेक करून विचारेल आणि माझ्याकडून काहीच निघणार नाही. मग तिला वाटेल, प्रश्नच चुकले. ती ते बदलेल. इतके महिने तू ज्यांच्यासाठी भांडलीस ते प्रश्न, केवळ तुझा भाऊ कोरडा निघाला म्हणून! आणि ते वाचवायला मी काहीतरी छान रचून सांगेन. मला येतं ते. रिकामा रकाना दिसला की भरायचा, आयुष्यभर तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी शैलजाला हो म्हटलं. ती गुरुवारी दुपारी येईल. दारातच, बसण्याआधी, पुन्हा कधी येऊ ते विचारून घेईल. मग विचारेल, ऊट आयता? झालं असेल तर झालं म्हणेन, नसेल तर नाही. त्यापुढे काय म्हणेन मला माहीत नाही. पण तुला शब्द देतो, रचून काही सांगणार नाही. गप्प बसलो तर गप्प बसलो, असंच तिला लिहायला सांगेन. ‘नाही आलं तर?’ असं अध्यक्षांनी विचारलं होतं ना? तो रकाना निदान मोकळा तरी राहील, आणि तुझा प्रश्न जागेवर राहील.

मग ती उठेल, हात जोडेल, आणि काही न बोलता जिना उतरेल. सोमवारी आनेकलच्या पहिल्या घरी जायचं आहे तिला. या वेळी मी मान वर करून बघेन.

तुझा,
रघू